फॉर्म बी लिफ्टशेजारी लावा

गेल्या रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरले. लिफ्ट चालू होती, तरी मुद्दाम उतरले. प्रत्येक मजल्यावर थांबायचं, आगीसाठी बसवलेली सामग्री बघायची आणि वहीत लिहायचं, एवढंच ठरवलं होतं. दहाव्या मजल्यावर पेटीत नळी होती, पण तिच्या टोकाचा पितळी नोझल गायब. आठव्यावर डक्टमध्ये जुना पाळणा आणि रंगाचे डबे. सहाव्यावर जिन्याचं फायर डोअर वीट लावून उघडं ठेवलेलं, कारण ते आपटतं. चौथ्यावर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरवा पट्टा सोडून लालमध्ये गेलेला. तळाशी पंपरूममध्ये फायर पंपाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता.

मी वॉचमनना कारण विचारलं. म्हणाले, “ताई, कुठंतरी पाइप गळतोय. ऑटोवर ठेवला की छोटा पंप रात्रभर चालू-बंद होतो. आवाजानं पहिल्या मजल्यावरचे ओरडतात. मग सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं, मॅन्युअलवरच ठेव.”

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. या पाइपमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं. तो दाब टिकवायला छोटा पंप असतो. आग लागून कुणी नळी उघडली की दाब एकदम उतरतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. स्विच मॅन्युअलवर असेल तर कुणीतरी धावत पंपरूममध्ये जाऊन, कुलूप उघडून, बटण दाबायला हवं. रात्री दोन वाजता, धुरात, किल्ली कुणाकडे आहे ते शोधत.

सोसायटीच्या कार्यालयात फाइल मागितली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जानेवारीतलं प्रमाणपत्र होतं. पंप, नळ्या, एक्स्टिंग्विशर, सगळं सुस्थितीत. खाली सही आणि शिक्का. सेक्रेटरी प्रामाणिक गृहस्थ आहेत. म्हणाले, “अहो ताई, एजन्सीचा माणूस येतो, फेरी मारतो, कागद देतो. आपण काय त्यातले जाणकार?”

हा कागद म्हणजे ‘फॉर्म बी’. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत राहणाऱ्या आपलीच आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. धोकादायक इमारतीचं वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार दलाला आहेत. कायदा चांगला आहे. दुखणं एका जागी आहे. तपासणाऱ्या एजन्सीचे पैसे देतो कोण? ज्याची तपासणी व्हायची तोच. पंप बंद आहे असं लिहिणाऱ्या एजन्सीला पुढच्या वर्षी काम मिळेल का, याची धास्ती तिला असते. म्हणून त्या सहीवर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी. ती नजर अग्निशमन दलाची आणि आपली.

ही नजर नसली की काय होतं ते आपण पाहिलं आहे. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं दगावली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधलं रुग्णालय, एप्रिलमध्ये विरारचा अतिदक्षता विभाग आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचं जिल्हा रुग्णालय पेटलं. आदेश निघून तपासणी होते, पण तपासणीत काय सापडलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं, हे रुग्णालयाच्या दारातून आत जाणाऱ्या रुग्णाला कळत नाही.

आपल्या हयगयीची किंमत फक्त आपणच मोजतो असंही नाही. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि मुंबई अग्निशमन दलाने आपले चार अधिकारी गमावले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. बंब येतो तेव्हा त्यातून माणसं उतरतात आणि आपण अडवलेल्या जिन्यातून वर चढतात. दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ, अग्निशमन सप्ताह सुरू होतो. त्यांचं खरं स्मरण जानेवारी आणि जुलैत व्हायला हवं.

म्हणून महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. प्रत्येक इमारतीचा चालू फॉर्म बी लिफ्टशेजारी, रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीशेजारी, शाळेत फाटकाजवळ लावणं सक्तीचं करा. आलेल्या प्रमाणपत्रांतली काही चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दलाच्या माणसाने न कळवता जाऊन पडताळावीत. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीचा परवाना काढून घ्या. त्यासाठी दलात माणसं लागतील. मग रिकाम्या जागा भरा. प्रभाग समितीच्या बैठकीत नगरसेवकाने चार आकडे मागावेत: प्रभागात किती इमारतींना फॉर्म बी लागू आहे, किती आले, किती पडताळले, किती नोटिसा गेल्या. हे आकडे नागरिकांनी अर्ज करून मागण्याची वेळच येऊ नये. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 माहिती स्वतःहून जाहीर करायलाच सांगतं.

आणि आपण? आपल्याला जाणकार व्हायची गरज नाही. एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का, हे दहा वर्षांचं मूल सांगेल. एक्स्टिंग्विशर वापरायची रीत घरातल्या प्रत्येकाला यावी: पिन ओढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, केर काढल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा. आग मोठी असेल तर विझवत बसू नका. दार ओढून घ्या, 101 ला फोन करा, लिफ्ट टाळा, जिना धरा. जिन्याचं दार बंद असेल तरच त्या जिन्यात धूर येणार नाही. ती वीट आजच काढा.

आमच्याकडे सोमवारी प्लंबर आला. गळती दुसऱ्या मजल्यावरच्या सांध्यात निघाली. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. बुधवारी संध्याकाळी स्विच ऑटोवर टाकून वॉचमन पंपरूममध्ये थांबले आणि सेक्रेटरींनी गच्चीवर नळी उघडली. क्षणभर नुसती हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ धार. खालून वॉचमन ओरडले, “झाला चालू!” नोझल अजून यायचा आहे, आठव्या मजल्यावरचा पाळणा अजून तिथेच आहे. ते झाल्याशिवाय जुलैच्या फॉर्म बी साठी एजन्सीला बोलवायचं नाही, असं कमिटीने ठरवलं आहे. आणि तो कागद आला की फाइलमध्ये जाणार नाही. लिफ्टशेजारी, दुधाच्या हिशेबाच्या पाटीखाली, त्याची जागा मी मोजून ठेवली आहे.