मांजराची जखम : घरचा इलाज की डॉक्टर?

आपल्या घरांत मांजर बहुधा बोलावल्याशिवाय येते आणि घरचीच होऊन राहते. दस्तरखान अंथरला की हजर, जानमाजवर अंग मुडपून बसली तरी तिला कोणी हाकलत नाही. पण हीच मांजर एखाद्या सकाळी लंगडत आली की घरात दोन तट पडतात. दादी म्हणते, “मांजराला कसला डॉक्टर? चाटून बरी होईल, हळद लावा.” मुले म्हणतात, “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.” आमच्या वर्गातली मुलेही हा सवाल वारंवार विचारतात, म्हणून या महिन्यात त्याविषयी.

प्रत्येक ओरखड्यासाठी दवाखाना गाठायला नको, हे खरे. प्रत्येक जखम चाटून बरी होत नाही, हेही खरे. निवड करताना आपण जखमेचा आकार पाहतो आणि तिथेच फसतो. जखम केवढी आहे यापेक्षा ती कशाने झाली, हे आधी शोधावे.

तार, खिळा किंवा पत्रा लागून कातडी वरवर खरचटली असेल, रक्त थांबले असेल, मांजर नेहमीसारखी खात-फिरत असेल, तर घरी इलाज करता येतो. पण दुसऱ्या मांजराचा किंवा कुत्र्याचा दात लागला असेल, तर वरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि आत जंतू खोल गेलेले असतात. मांजराची कातडी वरून लवकर मिटते. मग जंतू आत कोंडले जातात आणि दोन-चार दिवसांत तिथे गळू धरते. केस बाजूला सारून पाहावे. जवळजवळ दोन बारीक भोके दिसली की ती दाताची समजावी आणि सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यावे. प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर पुढची चिरफाड बहुधा टळते.

घरी करायचे ते एवढेच. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून एकाने धरावे. रक्त येत असेल तर स्वच्छ सुती कापड पाच मिनिटे दाबून धरावे. सारखे उचलून पाहू नये. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात एक लहान सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने जखम धुवावी. नंतर बीटाडीनच्या द्रावणात पाणी घालून फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतके पातळ करावे आणि ते हलके लावावे. कापसाचे तंतू जखमेला चिकटतात, म्हणून गॉज वापरावा. घट्ट पट्टी बांधू नये. मांजर जखम फार चाटत असेल तर गळ्याभोवती घालायचा प्लॅस्टिकचा कोन मिळतो, तो घालावा. तिची जीभ खरखरीत असते. सतत चाटण्याने जखम बरी होण्याऐवजी चिघळते.

आता जे करू नये ते. पाण्यात घातल्यावर पांढरे होणारे जंतुनाशक आपण मुलांच्या गुडघ्याला लावतो, ते मांजराला लावू नये. ती ते चाटते आणि त्यातली द्रव्ये तिचे यकृत पचवू शकत नाही. स्पिरिटही नको. हळद किंवा कॉफीची पूड जखमेत भरू नये; खाली घाण दबून राहते.

आणि सर्वांत महत्त्वाचे : तापाची गोळी. गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी पायाला लागलेल्या मांजराला दुखू नये म्हणून गोळीचा तुकडा दुधातून दिला. मायेनेच दिला, पण मांजर वाचली नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात. आयब्युप्रोफेनही तितकेच घातक. माणसाचे कोणतेही दुखण्याचे औषध मांजराला देऊ नये, अगदी कणभरही.

जखम उघडी पडली असेल, डोळ्याजवळ असेल, पू किंवा वास येत असेल, अळ्या दिसत असतील, मांजर उंचावरून पडली असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा एक दिवस अन्नाला शिवली नसेल, तर घरचा इलाज थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मांजर दुखणे लपवते. ती कोपऱ्यात गप्प बसली म्हणजे बरी आहे, असे समजू नये. चावणारे जनावर कुत्रे किंवा अनोळखी असेल तर डॉक्टरांना ते सांगावे आणि रेबीजच्या लसीविषयी विचारावे.

इलाज करताना मांजर आपल्याला चावली किंवा तिने ओरबाडले, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी रुग्णालयात जाऊन लसीविषयी विचारावे. मिरची, चुना असले काही लावू नये.

खर्चाची फिक्र अनेक घरांत असते. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, लोक त्याला गुरांचा दवाखाना म्हणतात, पण तिथे मांजर नेण्यात संकोच नको. मुंबईत परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय तर सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवाय दाताच्या जखमेवर पहिल्याच दिवशी होणारा खर्च गळू फुटल्यानंतरच्या खर्चापेक्षा कमीच असतो.

मांजराला कोंडून ठेवणाऱ्या, स्वतः खायला न देणाऱ्या आणि तिला बाहेर जाऊन खाऊही न देणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. जखमी मांजराला आपण खोलीत बंद करतो, ते तिच्या भल्यासाठी. पण दार लावले की तिचे खाणे, पाणी आणि इलाज ही सारी जिम्मेदारी आपली होते. म्हणून जवळच्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर आजच स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. रात्री-अपरात्री तो शोधत बसायला नको.