धाडसाचं कौतुक नको, बिल द्या

"नोकरी सोडून चित्रकार झालीस? काय धाडस गं तुझं!" ३ वर्षं हेच ऐकतेय. खरं सांगू? राजीनाम्याला धाडस लागलं नाही. धाडस लागतं ते चौथ्यांदा फोन करून "सर, माझ्या बिलाचं काय झालं?" असं विचारायला.

कंपनीत पगार १ तारखेला व्हायचा. आता एका पुस्तकाची १२ चित्रं देऊन ७ महिने झाले. पुस्तक दुकानात आलं, पैसे नाही आले. वर ऐकवतात, "तुम्हा कलाकारांना पैशाचं काय एवढं!"

कायदा आहे बरं का. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. मी ती काम दिल्यावर केली, तिथेच फसले. तुम्ही काम घेण्याआधी करा.

आणि कौतुक करणाऱ्यांनो, चित्राला लाइक जरूर द्या. पण तुमच्याच टेबलावर एखाद्या चित्रकाराचं बिल पडलं असेल, तर आधी त्यावर सही करा.