बेटावरची माणसे आणि कागदावरची माणसे

यंदा आमच्या घरी दिवाळीचा फराळ भाद्रपदातच झाला. कारण आमची भाची. ती कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्स गावच्या मेमोरियल विद्यापीठात संशोधन करते, आणि तिची सुट्टी गणपतीबरोबरच संपत होती. पोरीची दिवाळी चुकणार म्हणून सौभाग्यवतींनी सोऱ्या माळ्यावरून खाली काढला. तळणीचा वास जिना उतरून खाली गेला आणि पाच मिनिटांत आमचे तळमजल्यावरचे शेजारी "सहजच" वर आले. हे गृहस्थ सरकारी खात्यात तीस वर्षे नियोजनाचे काम करून निवृत्त झालेले. आकड्यांवर त्यांची देवाइतकी श्रद्धा.

चकली पुढे करीत सौ. म्हणाली, "काय गं, तू तिकडे नक्की करतेस तरी काय?"

"म्हाताऱ्या मच्छीमारांच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिते, मामी, आणि त्यांच्याशी बोलते."

"आणि त्याबद्दल पदवी देतात?"

"देतात! समुद्रकाठची गावे टिकतात कशी आणि तिथली माणसे सुखी असतात की नाही, हा आमचा विषय आहे."

शेजारी खो खो हसले. "अहो, सुख काय मोजायचे? माणशी उत्पन्न काढा, घरे मोजा, दवाखाना किती मैलांवर आहे ते लिहा. झाले की!"

"काका, तसे एकदा करून झाले आहे," ती म्हणाली. "ऐकायचे आहे?"

वाचकहो, त्या रात्री चकल्यांचा डबा निम्मा झाला आणि घड्याळात साडेअकरा वाजले. तिने जे सांगितले ते आपल्यालाही सांगावे असे वाटले, म्हणून या वेळचे हे पान त्याला दिले आहे.

न्यूफाउंडलंड म्हणजे अटलांटिक महासागरातले एक खडकाळ, धुकट बेट. तिथे शेतीला माती बेताची, पण समुद्र मात्र कॉड माशाने भरलेला. १४९७ मध्ये जॉन कॅबट तिकडे जाऊन आला आणि तेव्हापासून युरोपातल्या माणसांना या माशाने वेड लावले. मासा पकडायचा, खारवायचा, वाळवायचा आणि जहाजावर चढवायचा. यासाठी खाडीखाडीत वीस-तीस घरांची गावे वसली. रस्ता नाही, वीज नाही. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे ते होडीने.

१९४९ मध्ये हा मुलूख कॅनडात सामील झाला. त्याच वर्षी तिथल्या जुन्या कॉलेजचे विद्यापीठ झाले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या जवानांचे स्मारक म्हणून ते कॉलेज १९२५ मध्ये निघाले होते, म्हणून नाव मेमोरियल. नव्या सरकारला लोकांना शाळा, दवाखाने, नोकऱ्या द्यायच्या होत्या. पण वीस घरांसाठी डॉक्टर कुठून आणायचा? तेव्हा असे ठरले की डॉक्टर गावाकडे जात नाही, तर गावानेच डॉक्टरकडे जावे. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे तीनशे गावे उठली आणि तीस हजारांच्या आसपास माणसे हलली. कित्येकांनी आपली लाकडी घरे तशीच्या तशी पाण्यात लोटली आणि होड्यांना बांधून समुद्रावरून ओढत नेली! खिडक्यांसकट घर लाटांवर डुलत चालले आहे, असे फोटो भाचीने आम्हाला दाखवले. सौ. बराच वेळ ते पाहत राहिली.

"यात सरकारचे काय चुकले?" शेजारी म्हणाले. "शिवाय संमती घेतलीच असेल."

"घेतली ना. आधी नियम होता की गावातल्या शंभर टक्के लोकांनी हो म्हटले पाहिजे. १९६५ च्या योजनेत ते नव्वद टक्के झाले आणि पुढे ऐंशी."

आता ही ऐंशी टक्के संमती कशी मिळते, हे पाहायला त्याच विद्यापीठाचे दोन समाजशास्त्रज्ञ गेले. आयव्हरसन आणि मॅथ्यूज ही त्यांची नावे. त्यांचा अहवाल १९६८ मध्ये निघाला. शिक्षक जाणार, दुकानदार जाणार, मग आपण एकटे मागे राहून करायचे काय, या धास्तीनेच पुष्कळांनी बिऱ्हाड हलवले होते. आणि नव्या गावात शाळा होती, पण पुष्कळांना काम नव्हते. जवळच्या समुद्रातल्या माशांच्या जागा तिथल्या जुन्या लोकांनी आधीच धरलेल्या. कागदावर पुनर्वसन झाले होते. माणसाचे मात्र बसायचे ठिकाण गेले होते.

फोगो बेटावरही हीच पाळी येणार होती. त्या बेटावर दहाएक गावे आणि सुमारे पाच हजार वस्ती. निम्म्याहून अधिक लोक सरकारी मदतीवर जगत होते. गावागावांत पंथांचे भेद; एका पंथाची मुले दुसऱ्या पंथाच्या शाळेत जायची नाहीत. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा एक कार्यकर्ता तिथे वर्षानुवर्षे होड्यांतून फिरत होता. १९६७ मध्ये त्या विभागाचे प्रमुख डोनाल्ड स्नोडन यांनी सरकारी चित्रपट मंडळाच्या कॉलिन लो यांना बोलावले. लो यांनी त्या बेटाबद्दल एकच एक मोठा बोलपट काढला नाही. लोक जे बोलतील त्याची छोटी छोटी वीस-पंचवीस चित्रे केली. कुणी भांडवल नाही म्हणून होडी बांधता येत नाही असे सांगितले, कुणी सहकारी संस्था हवी म्हणाला, कुणी नुसतेच पार्टीचे गाणे म्हटले. ज्याचे चित्र त्याला ते आधी दाखवायचे, आणि तो नको म्हणाला तर काढून टाकायचे, असा दंडक होता.

मग हे तुकडे गावोगावी सभागृहांत दाखवले. समोरासमोर जो माणूस बोलला नसता, त्याचे बोलणे पलीकडच्या गावाने पडद्यावर ऐकले आणि ध्यानात आले की अरे, हे तर आपलेच गाऱ्हाणे! पुढे ती चित्रे राजधानीत मंत्र्यांना दाखवली, आणि मंत्र्यांनी दिलेले उत्तर तसेच चित्रित करून बेटावर आणून दाखवले. यातले मला फार आवडले ते हे. आपल्याकडे अर्ज वर जातो. उत्तराचा चेहरा कधी खाली येत नाही.

चित्रपटाने बेट वाचवले, असे म्हणायला सोपे आहे. भाची तसे म्हणू देत नाही. बेटावर सुधारणा समिती आधीपासून होती, माणसे चिवट होती, चित्रांनी फक्त त्यांना एकमेकांसमोर बसवले. त्यांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या होड्या स्वतः बांधल्या, सर्व पंथांच्या मुलांसाठी बेटाच्या मध्यावर एक हायस्कूल केले. फोगो उठले नाही.

"छान!" सौ. म्हणाली. "म्हणजे गोष्टीचा शेवट गोड."

"शेवट कुठे, मामी? पुढे मासाच संपला."

ही गोष्ट शेजाऱ्यांनी चकली हातात तशीच धरून ऐकली, कारण इथे आकडे होते. पन्नाशीच्या दशकात परदेशी ट्रॉलर तिथे येऊ लागले. माशाचे कारखानेच ते, रात्रंदिवस चालणारे. १९६८ या एका वर्षात आठ लाख टनांहून अधिक कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढले, आणि मग स्वतःचे ट्रॉलर उतरवले. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार ओरडू लागले की मासा कमी झाला, आकाराने लहान झाला. सरकारी शास्त्रज्ञांचे गणित मात्र सांगत होते की साठा वाढतो आहे.

गणित चुकले कुठे? त्यात मोठ्या ट्रॉलरांना तासाला किती मासा मिळतो, याला फार वजन होते. आणि ट्रॉलर जातो तिथेच, जिथे मासा गोळा झालेला असतो. नदी आटत आली तरी डोहात घागर भरतेच. तेवढ्यावरून नदी भरली आहे म्हणण्यासारखेच ते झाले. १९८६ मध्ये छोट्या मच्छीमारांच्या संघटनेने मेमोरियलच्याच जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी हिशेब तपासून घेतला. त्यांनी सांगितले की अंदाज फुगलेला आहे. १९८९ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनाही ते मान्य करावे लागले. तोवर उशीर झाला होता. २ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. बंदी दोन वर्षांची म्हणून लागली. व्यापारी मासेमारी पुन्हा रीतसर सुरू झाली ती २०२४ मध्ये, तीही अवघ्या १८,००० टनांची. मधल्या काळात बांधून दिलेली थोडीशीच चालू होती. बंदीने तीस हजारांवर लोकांचे काम एका दिवसात गेले. प्रांताची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ५ लाख ६८ हजार होती, ती २००६ मध्ये ५ लाख ५ हजारांवर आली. तरणी पोरे निघून गेली.

यानंतर विद्यापीठातल्या बार्बरा नाइस या समाजशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी वयस्क मच्छीमारांच्या घरी जाऊन बसले. पहिली होडी केवढी होती? इंजिन कितीचे? जाळी किती? किती लांब जावे लागे? असे एकेकाचे आयुष्य वर्षावर्षाने मांडले, तेव्हा दिसले की मासळी तेवढीच येत होती खरी, पण तेवढीच आणायला होडी मोठी झाली होती, जाळी वाढली होती, वाट लांबली होती. हे सरकारी तक्त्यात कुठेच नव्हते. म्हाताऱ्यांच्या डोक्यात मात्र होते. आमच्या भाचीचा चहा असा कामाचा असतो.

कॉड गेला, आणि त्याची जागा खेकड्याने आणि कोळंबीने घेतली. खेकड्याला भाव इतका चांगला की मासळीची एकूण किंमत कॉडच्या दिवसांहूनही वर गेली. शेजाऱ्यांच्या रकान्यात हे सुखच! पण खेकडा उकडण्याच्या कारखान्यांतल्या बायकांना त्या वाफेने दमा जडू लागला. बाई बोलेना; कारण रजा घेतली तर कामाचे आठवडे भरणार नाहीत, आणि आठवडे भरले नाहीत तर हिवाळ्यात बेकारभत्ता नाही. डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ एकत्र बसले तेव्हा हे दुखणे नीट नोंदले गेले. तसेच केटो वाडेल या नॉर्वेजियन अभ्यासकाने तिथल्या एका बेकार गृहस्थाच्या संसारावर अख्खे पुस्तक लिहिले, ते १९७३ मध्ये याच विद्यापीठाने छापले. काम गेल्यावर माणूस शेजाऱ्याच्या नजरेला नजर कशी देतो, एवढाच त्याचा विषय.

फोगोची सहकारी संस्था आजही चालू आहे. २०१३ मध्ये तिथे २९ खोल्यांचे एक सुरेख हॉटेल उघडले, आणि त्याचा नफा बेटासाठीच वापरतात. तरी २०२१ च्या गणतीत वस्ती २,११७ भरली. बेट तगले आहे. सुखरूप आहे असे म्हणायला भाची अजून तयार नाही.

सगळे ऐकून आमचे शेजारी गप्प झाले. मला वाटले, आता काहीतरी मुद्दा काढतील. ते म्हणाले, "एका धरणाच्या वेळी मी गावांचे तक्ते केले होते. त्यात 'संमती' असा रकाना होता. 'होय' किंवा 'नाही' लिहायचे. मी तीनशेच्या वर 'होय' लिहिले. त्यातल्या एकाच्याही ओट्यावर मी बसलो नव्हतो."

कुणी काही बोलले नाही. मग भाची म्हणाली, "काका, त्या गावांतले लोक आता कुठे आहेत, ठाऊक आहे?"

"एक वसाहत ठाऊक आहे."

परवा सकाळी ते एस.टी.चे वेळापत्रक मागायला वर आले होते. सौ.ने त्यांच्याबरोबर द्यायला चकल्यांचा डबा आधीच बांधून ठेवला होता.

आणि मी? आमच्या दारी वीस वर्षे एक कोळीण येते. वीस वर्षांत मी तिच्याशी भावाखेरीज काही बोललो नव्हतो. पापलेट २०२३ मध्ये आपल्या राज्याचा मासा ठरला, हे मला वर्तमानपत्रातून कळले. तिला विचारावेसे कधी वाटले नाही. काल मी तिला पाट दिला, चहा दिला आणि म्हटले, "मावशी, तुम्ही यायला लागलात तेव्हा पापलेट केवढे मिळायचे?"

तिने हाताने माप दाखवले. मग टोपलीतले उचलून शेजारी धरले. आणि पाऊण तास बोलत बसली.