तीन तिगाडा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की झुरिकमधल्या आमच्यासारख्या मराठी घरांचे फोन वाजू लागतात. ‘फेब्रुवारीत येतोय. टिटलिसचा डोंगर बघू, आणि आलोच आहोत तर एक दिवस स्कीइंगही उरकून टाकू.’ देवदर्शन उरकता येतं, स्कीइंग नाही. पहिला दिवस त्या जडशीळ बुटांत धड चालायला शिकण्यातच जातो. एकच दिवस हातात असेल तर सरळ घसरगाडी घ्या आणि डोक्यावर हेल्मेट घाला. स्की करायचीच असेल तर निदान तीन दिवस काढा आणि रोज सकाळी शिकवणीला जा. ‘भाचा शिकवेल की’ हा विचार मनातून काढून टाका. भाचा स्वतः नीट थांबायला अजून शिकतोय.

पण तीन दिवस म्हटलं की तीन तिगाडा आलाच. पहिल्या दिवशी भीतीच सांभाळते. दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकत असतं, त्यामुळे माणूस बेतानं वागतो. तिसऱ्या दिवशी वाटतं, आता जमलं. मांड्यांमधलं बळ मात्र तोवर संपलेलं असतं. शिकवणारे जुनेजाणते या तिसऱ्या दिवसाला बिचकून असतात. त्यात दुपारचे तीन वाजले की दुधात साखर. उन्हाच्या बाजूचा बर्फ भुसभुशीत होऊन त्याचे ढिगारे झालेले असतात, सावलीतला काचेसारखा कडक होतो, आणि दमलेली सगळी गर्दी गावाकडे उतरणाऱ्या एकाच वाटेवर लोटते. त्या वेळी गोंडोलात, म्हणजे रोपवेच्या डब्यात, बसून खाली यावं. इथले मुरलेले लोकही येतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

सगळ्यात मोठी गफलत मात्र डोंगरावर होतच नाही. ती भाड्यानं सामान देणाऱ्या दुकानात होते. तिथे वजन, उंची, वय आणि ‘तुम्हाला कितपत येतं’ हे विचारतात. त्यावरून आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून बाइंडिंग किती जोर पडल्यावर सुटावं हे ठरतं. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा खटका. पडताना तो सुटला नाही तर लांबलचक स्की पाय पिरगाळते आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटू शकतो. आमच्या मेव्हण्यांनी वजन सांगताना पोट आत घेतलं आणि ‘कितपत येतं’च्या पुढे मधल्या रकान्यात खूण केली. काउंटरवरच्या मुलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि शांतपणे पुन्हा तोच प्रश्न विचारला. मागून बहीण म्हणाली, ‘अहो, खरं सांगा, इथे कोण ओळखतंय तुम्हाला?’ वजन नऊ किलोंनी वाढलं आणि खूण ‘नवशिक्या’वर सरकली. बुटाचंही तसंच. थंडी म्हणून दोन-दोन लोकरी मोजे चढवू नका, पाय आतल्या आत हलतो आणि रक्तही अडतं. एकच पातळ, लांब मोजा पुरे. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत.

विम्याचंही इथेच सांगतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो तुम्ही काढलेलाच असतो. त्यात स्कीइंग धरलेलं असेलच असं नाही. बारीक अक्षरात ‘साहसी खेळ वगळून’ लिहिलंय का ते मुंबईतच वाचून घ्या. हेलिकॉप्टरनं खाली आणायचं बिल हजारो फ्रँकमध्ये जातं. इटलीत तर 2022 पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असल्याशिवाय उतारावर जायलाच बंदी आहे.

उतारावरचा नियम आपल्या सवयीच्या नेमका उलट आहे. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर मागच्यानं हॉर्न द्यायचा आणि पुढच्यानं सरकायचं. इथे पुढच्याचा हक्क पहिला, त्याला सांभाळून जायची जबाबदारी पूर्णपणे मागच्याची. थांबायचं ते कडेला, आणि उंचवट्याच्या खाली तर मुळीच नाही, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. सेल्फीसाठी मध्यावर बसकण मारणारी मंडळी मी पाहिली आहेत आणि त्यांच्या वतीनं शिव्याही खाल्ल्या आहेत.

आता हिमस्खलन. युरोपात त्याच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. डावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्या दिवसाचा अंदाज देते, तो मोबाइलवर मिळतो. त्यात तीनचा आकडा दिसला की आपल्याला वाटतं, पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, ठीकठाक. प्रत्यक्षात तिसरी पायरी म्हणजे बराच धोका, आणि सर्वाधिक माणसं दगावतात ती याच पायरीला. चार-पाचला बरेच लोक घरी बसतात आणि अनेक लिफ्टही बंद ठेवतात. तीनला आकाश निळंभोर असतं, रात्री पडलेला नवा बर्फ चमकत असतो आणि पाय शिवशिवतात. वाऱ्यानं उडवून आणलेल्या बर्फाचा थापा वर घट्ट बसलेला असतो, त्याखाली साखरेसारखा सुटा थर. उतार तीस अंशांहून तीव्र असेल तर एका माणसाचं वजन पडताच अख्खा थापा काचेसारखा तडकून निघतो. दहातल्या नऊ घटनांत तो गाडला गेलेल्यानं किंवा त्याच्याच सोबत्यांनी सैल केलेला असतो. आधी कुणाच्या खुणा उमटल्यात हा पुरावा नव्हे, दहाव्या माणसाच्या पायाखालीही तो सुटतो.

आखलेल्या वाटा गरज पडली तर सुरुंगांनी बर्फ पाडून, तपासून मगच उघडतात, त्यामुळे पाहुण्यांना हा धोका सहसा शिवत नाही. पण वाटेच्या कडेला रोवलेला खांब ही खरी हद्द आहे. मोटारशर्यतपटू मिखाएल शूमाखर 2013च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या मेरिबेलला पडला तो दोन आखीव वाटांच्या मधल्या पट्ट्यात, हद्दीपासून जेमतेम काही मीटरवर. बर्फात दडलेल्या खडकानं घात केला, हेल्मेट असूनही. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रियातल्या लेख गावी नेदरलंड्सचे राजपुत्र फ्रिसो हिमस्खलनात गाडले गेले. त्या दिवशी धोका चौथ्या पायरीवर होता. अंगावर संदेश सोडणारं यंत्र होतं, तरी बाहेर काढेपर्यंत सुमारे पंचवीस मिनिटं गेली. दीड वर्षानं ते गेले. पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात, पुढे आशा झपाट्यानं घसरते, आणि तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर सहसा पोचत नाही. म्हणून यंत्र, सळई आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत आणि ती वापरायचा सरावही हवा. तो नसेल तर टिटलिसखालच्या एंगेलबर्गच्या लाउब उतारावरून कुणी कितीही देखणं उतरताना दिसो, आपण लिफ्टमधूनच दाद द्यावी.

टिटलिसचं वरचं स्टेशन 3,020 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. आजी-आजोबांना धाप लागली तर घाबरू नका, पण घाई करू नका आणि बरं वाटत नसेल तर पुढच्या डब्यानं खाली या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाखालीही लावा, बर्फ ऊन खालून परत फेकतो.

मदतीसाठी युरोपभर 112 आणि स्वित्झर्लंडच्या हवाई बचावसेवेला 1414. शिवाय एक गोष्ट, जी आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते. हेलिकॉप्टर घिरट्या घालताना दिसलं की दोन्ही हात वर करून टाटा करायची आपल्याला भारी हौस. इथे दोन्ही हात वर म्हणजे ‘हो, मदत हवी आहे’. एक वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. हात खिशात ठेवा आणि नुसतं बघा.