शंभर मात्रांची शिशी, बारा कोंबड्या

राणीखेतच्या लासोटा लशीची बाजारात मिळणारी लहानात लहान शिशी सहसा शंभर मात्रांची असते. एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांच्या आत ती संपवायची. उरलेली लस बर्फात ठेवली तरी दुसऱ्या दिवशी उपयोगाची नसते. ज्या घरी एक कोंबडा, सात कोंबड्या आणि चार पिल्ले आहेत, त्या घरच्या बाईने या शिशीचे करायचे काय? बारा थेंब वापरायचे आणि अठ्ठ्याऐंशी ओतून द्यायचे? ती तसे करत नाही. ती लसच आणत नाही. मग वैशाखात, जत्रा उरकल्यावर, एखादी तलंग मान वाकडी करून गोल गोल फिरू लागते, हिरवट हगते, आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे होते. मानमोडी आली, एवढे म्हणून घर गप्प बसते. पुढच्या बाजाराला पुन्हा चार पिल्ले विकत येतात.

या मासिकाच्या पानांवर जातिवंत पिल्लांची चर्चा भरपूर होते. गिरिराज घ्यावी की वनराज, कडकनाथला खरेच एवढा भाव मिळतो का, देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते मग ती कशासाठी ठेवायची. हे प्रश्न बिनमहत्त्वाचे नाहीत. पण परसातल्या कोंबडीचे अर्थकारण बुडते ते अंड्यांच्या आकड्यामुळे क्वचितच. लस न टोचलेल्या कळपात राणीखेत शिरला तर बहुतेक कोंबड्या जातात, आणि दीडशे अंड्यांची कोंबडी पन्नास अंड्यांच्या कोंबडीइतक्याच वेगाने मरते.

रोजच्या कामात ही माणसे कुठेही कमी पडत नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. परडे, दोन शेळ्या आणि डझनभर कोंबड्या सांभाळणाऱ्या घराचा दिवस बघितला तर त्यात पुस्तकातले शास्त्र पुस्तकाशिवाय वावरताना दिसते. खुराडे उजाडताच उघडायचे नाही, कारण कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळात देतात; लवकर सोडल्या तर अंडे कुणाच्या तरी गवताच्या गंजीत सापडते, किंवा सापडतच नाही. नऊ-दहाला त्यांना सोडले की पहिले लक्ष भाजीच्या वाफ्याकडे. माठाची रोपे वीतभर होईपर्यंत वाफ्याला कोकणात मासेमारीचे जुने जाळे, देशावर जुनी साडी किंवा बोराट्या. खुराड्यातली ताजी विष्ठा झाडाच्या आळ्यात टाकली तर रोप करपते, म्हणून ती पालापाचोळ्याबरोबर दोन-तीन महिने कुजवायची. अंड्याचे कवच मऊ येऊ लागले की चुन्याची उणीव ओळखायची आणि शिंपल्यांचा चुरा समोर ठेवायचा. उन्हाळ्यात खुराड्यावर दोडक्याचा किंवा घोसाळीचा वेल मांडवाने चढवायचा. सावली कोंबड्यांना, भाजी घराला. बुरशी लागलेला मका मात्र अजूनही ‘कोंबड्यांना चालतो’ म्हणून टाकला जातो, आणि ते बंद व्हायला हवे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले ते त्या शोधातून.

रोजची ही सगळी कामे एका घराच्या हातात आहेत आणि एका घराला जमतात. अडते ते वर्षातून तीन-चारदाच करायच्या कामांशी. लस, नव्या पक्ष्याला वेगळे ठेवणे, मेलेल्या पक्ष्याची विल्हेवाट. ही कामे एकट्या घराला पेलत नाहीत, कारण रोगाला कुंपण कळत नाही आणि शिशी शंभराची असते.

2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातील कोंबड्यांची संख्या 31 कोटी 70 लाखांच्या आसपास भरली. आधीच्या, म्हणजे 2012 च्या गणनेपेक्षा ती सुमारे 46 टक्क्यांनी जास्त होती. वाढ झाली ती मोठ्या शेडमध्येच, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो या आकड्यापुढे टिकत नाही. एवढा पसारा जर लशीविना उभा असेल तर त्याची झळ परसापुरती राहत नाही. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला जाहीर झाला, तेव्हा मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. बर्ड फ्लू आणि राणीखेत हे वेगळे रोग आहेत, पण परसातला माणूस दोन्ही वेळी एकाच जागी चुकतो: पक्षी आजारी दिसला की तो विकतो, कापतो किंवा नाल्यात फेकतो. कळवत नाही.

लहान कळपांना लस कशी पोचवायची, हा प्रश्न फक्त आपलाच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातले पीटर स्प्रॅडब्रो यांनी गावठी कोंबड्यांसाठी ‘आय-टू’ नावाची लस विकसित केली. ती नेहमीच्या लशीपेक्षा उष्णता जास्त सोसते. मोझांबिक आणि टांझानियासारख्या देशांत ती गावागावांत पोचली, पण तिथल्या यशाचे अर्धे श्रेय लशीच्या रसायनापेक्षा कामाच्या पद्धतीला द्यावे लागेल. गावातल्याच माणसांना, त्यांत अनेक बायका, डोळ्यात थेंब टाकायला शिकवले. वर्षातून तीन मोहिमा, साधारण चार महिन्यांच्या अंतराने. ठरलेल्या दिवशी अख्ख्या गावातल्या कोंबड्या, पिल्लू असो की म्हातारा कोंबडा. टोचणाऱ्याला पक्ष्यामागे थोडे पैसे. फुकट वाटण्याचा मोह तिथे टाळला गेला, कारण पैसे घेणारा माणूस पुढच्या वेळी परत येतो.

आपल्याकडे याची तयारी निम्मी झालेली आहे. उमेद अभियानाने गावोगाव पशुसखी घडवल्या आहेत. पुण्यात औंधला शासनाची लस बनवणारी संस्था आहे, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. कमी आहे ती तारीख. वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून एक दिवस ठरवायचा, एवढेच उरते, आणि नेमके तेच होत नाही.

होत नाही त्याला एक तांत्रिक कारणही आहे, आणि त्याबद्दल आपण तज्ज्ञ मंडळी फारसे बोलत नाही. आपल्या तक्त्यांत लिहिलेले असते: सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्यानंतर आरटूबी. हा तक्ता उबवणी केंद्रातून एका दिवशी निघालेल्या हजार पिल्लांसाठी केलेला आहे. वाडीत सावित्रीकाकूंची कोंबडी पौषात खुडूक होते, शेजारची फाल्गुनात. कुणाची पिल्ले आठ दिवसांची, कुणाची अडीच महिन्यांची. तक्ता पाळायचा तर दर आठवड्याला शिशी फोडावी लागेल.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. पहिला: सामाईक दिवशी लासोटाचा थेंब सर्व वयांच्या निरोगी पक्ष्यांना द्यावा, ही लस सौम्य आहे आणि लहान पिल्लालाही चालते. आरटूबी मात्र फक्त आठ आठवड्यांवरच्या, आधी लासोटा मिळालेल्या पक्ष्यांनाच. लहान पिल्लाला आरटूबी टोचली तर आजारच ओढवू शकतो, म्हणून हे काम पशुवैद्यकाच्या किंवा प्रशिक्षित पशुसखीच्या नजरेखाली व्हावे. दुसरा उपाय खुडूक कोंबडीपाशी सुरू होतो. कोंबडी ठरवून खुडूक होत नाही, पण खुडूक झालेली कोंबडी खोट्या अंड्यांवर काही दिवस बसवून ठेवता येते. शेजारणीची कोंबडी बसेपर्यंत थांबायचे, मग दोघींखाली एकाच दिवशी दहा-बारा ताजी अंडी ठेवायची. एकविसाव्या दिवशी दोन्ही घरांत पिल्ले. अशा चार कोंबड्या जमल्या की चाळीसेक पिल्लांचे वय एकच, आणि तक्ता एकदम कामाचा होतो. जुन्या बायकांना ही युक्ती माहीत आहे. त्या ती फक्त आपल्या घरापुरती वापरतात.

लस पाण्यातून देणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर जास्त टाकते. त्या क्लोरीनने जिवंत लस मरते आणि लसीकरण झाल्याचे समाधान तेवढे उरते. विहिरीचे पाणी घ्यावे, लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी, आणि त्याआधी कोंबड्यांना दोनेक तास पाणी देऊ नये. पक्षी थोडे असतील तर डोळ्यात थेंब टाकणेच उत्तम. कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हा घोळ राहत नाही.

तारीख कोणती? या मासिकाची सूचना अशी, की रोहिणी नक्षत्र लागण्याआधीचा, म्हणजे 25 मेच्या आधीचा एखादा दिवस धरावा. त्या सुमारास बायका तशाही एकमेकींच्या घरी जात असतात: कुणाकडे पडवळाचे बी आहे, कुणाकडे वालाचे, कुणाकडे गेल्या वर्षीचा कडू न निघालेला दुधी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाणांच्या याच जतनासाठी. मूठभर बी दहा परसांत फिरवायची सवय गावाच्या अंगात आहे. त्याच दिवशी, त्याच अंगणात बर्फाच्या थर्मासातली एक शिशी फुटली तर वेगळी सभा, वेगळा निरोप, काही लागणार नाही. जंतनाशक आठवडाभर आधी. आजारी पक्षी त्या दिवशी घरीच.

शेळ्यांचेही काम त्याच फेरीत उरकते. पावसानंतरचे कोवळे गवत शेळ्या अधाशासारख्या खातात आणि आंत्रविषाराने धडधाकट करडू रात्रीत मरते. त्याची लस पावसाआधीच द्यायची असते. पीपीआरची लसही अनेक मात्रांच्या शिशीत येते, तीही विरघळवल्यावर टिकत नाही. दोन शेळ्यांच्या घराची अडचण तिथेही तीच. जंतांच्या औषधाबाबत मात्र सगळ्यांनी एकदम पाजण्याची घाई नको. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन यांच्या नावाने ओळखली जाणारी फमाचा पद्धत वापरतात: शेळीची खालची पापणी उलटून रंग पाहायचा, लालसर असेल तर औषध नाही, पांढुरका असेल तर द्यायचे. सरसकट औषधाने जंत औषधाला दाद देईनासे होतात. ही पद्धत रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच उपयोगी आहे, पण पावसाळ्यात आपला मुख्य शत्रू तोच असतो. पापणी बघायला पदवी लागत नाही, उजेड लागतो.

पशुसंवर्धन खात्याकडे एक मागणी करायला हवी, आणि ती वाचकांनी आपापल्या तालुक्यातून पत्राने करावी. परसातील कुक्कुटपालनाच्या योजनांतून पिल्लांचे गट वाटले जातात. पिल्लांबरोबर लशीची पुढची तारीख आणि ती देणाऱ्या पशुसखीचे नाव लाभार्थ्याच्या कागदावर छापले जावे, आणि लहान मात्रांच्या शिश्या दवाखान्यांत मिळाव्यात. तोवर शंभराच्या शिशीला शंभर कोंबड्या जमवणे वाडीच्याच हाती आहे. बाजारातून किंवा पाहुण्याच्या घरून आलेला कोंबडा दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवणे, मेलेला पक्षी चुना टाकून खोल पुरणे आणि एका घरात दोन पक्षी पाठोपाठ मेले तर त्याच दिवशी दवाखान्याला फोन करणे, हे तीन नियम लसीकरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावेत. पुढची फेरी चार महिन्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस. ती तारीखही त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून टाकावी.