कधीतरीच रुसणारी गाडी

बंद पडलेल्या गाडीचं एक बरं असतं. ती बंद आहे, एवढं तरी सगळ्यांना मान्य असतं. खरं छळते ती अधूनमधून दम सोडणारी गाडी. ऑफिसला जाताना ठीक, मॉलला जाताना ठीक, आणि नेमकी चढावर रुसून बसते. गॅरेजमध्ये नेली की इतकी शहाण्यासारखी वागते, की मेकॅनिक गाडी सोडून तुमच्याकडेच संशयाने बघायला लागतो!

आमच्या घरी २००५ची पेट्रोल हॅचबॅक आहे. बाबांनी घेतलेली, आता चालवते मी. मध्यंतरी मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात तिचा दम सुटला. मागच्या सीटवर आई-बाबा, त्यांच्या मागे ट्रेलर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि स्पीड साठ, पन्नास, पस्तीस... कशीबशी कडेला घेतली, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा निघाली तर एकदम मजेत. पण तो हॉर्न डोक्यातून जाईना.

मग सल्ल्यांचा पाऊस. एका गॅरेजवाल्याने इंजिनकाम सांगितलं, दुसऱ्याने प्लग, कॉइल, सगळंच बदला म्हटलं. ऑफिसातल्या मित्रमंडळींचं तर एकमत, ‘विकून टाक यार!’ बाबा एवढंच म्हणाले, “विकायची तर विक. पण काय झालंय ते न कळताच विकलीस, तर उद्या तो ट्रेलर दुसऱ्या कुणाच्या तरी मागे असेल.” पॉइंट होता.

अशा वेळी पार्ट बदलण्याआधी एक साधी वही करायची. प्रत्येक वेळी दम सुटला, की थांबल्यावर लिहायचं: इंजिन गार होतं की तापलेलं? टाकीत पेट्रोल किती? चढ होता की सपाट? पाऊस? एसी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीने झटके दिले की हळूहळू जीव सोडला?

कारण प्रत्येक आजाराची नाडी वेगळी. लोड आला की झटके, त्यात पावसात जास्त, तर आधी प्लग, कॉइल आणि त्यांच्या वायरींकडे बघा. आरपीएम वर जातोय, इंजिन ओरडतंय, पण गाडी पुढे सरकत नाही? मग इंजिन बिचारं निर्दोष, क्लच घसरतोय. इंजिन तापल्यावर स्विच ऑफ केल्यासारखं बंद पडतं आणि गार झाल्यावर सुरू होतं? क्रँक सेन्सर तपासा. आणि लांब चढावर हळूहळू दम जातो, थोडं थांबलं की परत येतो? मग इंजिनला पेट्रोलच पुरत नसण्याची शक्यता मोठी.

हल्ली सगळ्याचं खापर इथेनॉलवर फोडायची फॅशन आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे खरं. पण त्यामुळे मायलेज थोडं, पण रोजच कमी होईल. गाडी फक्त मंगळवारी घाटात रुसणार नाही. हां, जुन्या टाकीत साचलेला गाळ मात्र इथेनॉलने सुटून फिल्टरपर्यंत येऊ शकतो.

माझ्या वहीत तीन आठवड्यांत चार नोंदी झाल्या. चारही वेळा चढ, इंजिन तापलेलं, टाकी पाव भागाच्या खाली. झटका एकदाही नाही. शहरात, सपाटीवर, एकही नोंद नाही. ती वही घेऊन मी एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी वाचली आणि म्हणाले, “मग इथे उभी करून काय बघायचंय? चला कात्रजला.”

पेट्रोलच्या लाइनला त्यांनी प्रेशर गेज जोडला. (हे घरी करायचं नाही, त्या लाइनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं.) गॅरेजमध्ये काटा अगदी जागच्या जागी. कात्रजचा जुना घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या वळणानंतर काटा खाली यायला लागला, त्याच्यामागोमाग गाडीचा दमही. पंपापर्यंत वीज नीट पोहोचतेय का, तेही त्यांनी मोजलं. ती नीट होती. टाकी उघडली तर पंपाच्या तोंडाची जाळी काळ्या गाळाने भरलेली! गावात थोडंसं पेट्रोल लागतं, ते त्यातून येत होतं. घाटात जास्त लागलं की जाळी नाही म्हणत होती. टाकी साफ, जाळी आणि फिल्टर नवे. इंजिनकाम न करता घाट सुटला.

तुमची गाडी चालू रस्त्यात दम सोडायला लागली, तर हॅझर्ड लाइट लावा, खालचा गिअर टाका आणि पूर्ण बंद पडण्याआधी डावीकडे या. थांबल्यावर सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. आणि दुरुस्तीनंतर ‘झालं काम’ यावर खूश होऊ नका. जिथे रुसली होती, त्याच चढावर, तितक्याच पेट्रोलवर, मेकॅनिकला शेजारी बसवून पुन्हा चालवा. तिथे चढली, तरच बरी झाली.

पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करायला गेलं, की जुनी गाडी ठेवावी की काढावी, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. उत्तर काहीही असू दे, पण ते वैतागून देऊ नका. दहा रुपयांची वही आणि एक पेन, ग्लोव्ह बॉक्समध्ये आजच टाका.