थरथर कोणाची?

घरातील वयोवृद्ध व्यक्तीने "गाडी थरथरते" असे म्हटले, तर तरुण मंडळींची पहिली शंका गाडीवर जात नाही. ती त्या व्यक्तीच्या हातांवर जाते. माझ्याकडूनही हीच चूक घडली, म्हणून आजचा हा विषय.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही भाईंदरहून पालघरला निघालो होतो. वर्सोवा पूल मागे पडला, रस्ता मोकळा झाला आणि गाडी चालवणारे वडील म्हणाले, "अरे, स्टिअरिंग थरथरतंय." मी मागे आईजवळ बसलो होतो, मला काहीच जाणवले नाही. "बाबा, वय 74 झालं तुमचं. हातच थरथरत असतील," मी बोलून गेलो. ते गप्प झाले. पुढे दोन महिने त्यांनी किल्लीला हात लावला नाही. गॅरेजमध्येही दोष सापडला नाही. कारण मेकॅनिकने मिरा रोडच्या गल्ल्यांतून ताशी 30 किलोमीटरच्या वेगाने एक फेरी मारून गाडी परत आणली होती.

डॉक्टर रुग्णाला विचारतात, दुखते केव्हा, कोठे आणि कशाने वाढते? गाडीलाही हेच प्रश्न विचारावेत. उत्तरांवरून कारण बरेचसे उमगते.

ताशी 80 च्या आसपास थरथर सुरू होत असेल, तर बहुधा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते. ती स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढची चाके तपासावीत. आसनात वा पायाखाली जाणवली तर मागची. केवळ ब्रेक दाबताना जाणवली, तर ब्रेकच्या डिस्क असमान झिजलेल्या असू शकतात. सिग्नलला उभ्या गाडीत जाणवली, तर इंजिनाचे रबरी माउंटिंग किंवा स्पार्क प्लग पाहावा. वेग वाढवतानाच जाणवली, तर चाकांना गती देणाऱ्या ॲक्सलचे सांधे झिजलेले असण्याचा संभव असतो.

ज्येष्ठांच्या गाड्या अनेकदा आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. त्यामुळे टायर जमिनीला टेकलेल्या जागी किंचित चपटे होतात आणि पहिले काही किलोमीटर गाडी थडथडते. टायर तापले की ते बहुधा थांबते. खाडीच्या खाऱ्या हवेत उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजही चढतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवावी व हवेचा दाब तपासावा. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, तेही वाचून ठेवावेत. 2319 म्हणजे 2019 सालातील 23 वा आठवडा. टायर झिजलेला दिसत नसला, तरी जुना झालेला असू शकतो.

टायरवर फुगा दिसला, चाकाचे नट सैल वाटले किंवा थरथर एकाएकी वाढली, तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. सुरक्षित जागी थांबून मदत बोलवावी.

आता हातांविषयी. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग धरावे. तेव्हाही हात थरथरत असतील, तर ती थरथर गाडीची नव्हे. हात स्थिर असतील, तर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने दुसऱ्याने गाडी चालवून पाहावी. हाताचा कंप आढळला तरी घरच्या घरी निदान करू नये. काहींना वस्तू धरताना कंप होतो, तर पार्किन्सनमध्ये तो बहुधा हात विसावलेला असताना अधिक दिसतो. थायरॉइडचा विकार आणि दम्याची काही औषधे यांमुळेही हात कापतात. डॉक्टरांना भेटताना चालू औषधांची यादी सोबत न्यावी.

अखेर एके दिवशी मी स्वतः गाडी घेऊन त्याच महामार्गावर गेलो. काटा 80 वर पोहोचताच स्टिअरिंग माझ्याही हातात थरथरू लागले. टायरवाल्याने पुढचे डावे चाक काढून दाखवले. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली होती आणि बॅलन्सिंगचे वजनही गळून पडले होते. रिम बदलली, बॅलन्सिंग केले, थरथर थांबली.

म्हणून गॅरेजला जाण्यापूर्वी वेग, जागा आणि वेळ कागदावर लिहून न्यावी, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून, सुरक्षित रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून दाखवावी.

घरी येऊन मी बाबांची क्षमा मागितली. किल्ली हातात घेत ते एवढेच म्हणाले, "आधी ऐकून घ्यावं रे, वय मग काढावं."